पुण्याहून वाजलेला हॉर्न

ज्योत्स्ना गजभारे निवृत्त झाल्या आणि लगेच गाडी शिकायच्या मागे लागल्या, याचं मुदखेडच्या त्यांच्या गल्लीत कुणालाच फारसं नवल वाटलं नाही. बाई पहिल्यापासून तशीच. आरोग्यसेविकेची सगळी नोकरी नांदेड जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत झालेली. लसींचा डबा खांद्याला अडकवून कधी एसटीनं, कधी काळीपिवळीनं, तर कधी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं राहून त्या हिंडलेल्या. पोरांना सुया टोचून टोचून सगळ्या तालुक्याशी त्यांची ओळख झाली होती. त्या सुयांना रडलेली पोरं आता मिशा फुटून रस्त्यात नमस्कार घालायची.

नवल वाटलं ते त्यांच्या नवऱ्याला. धम्मानंद रेल्वेत पॉइंट्समन होते. मुदखेड जंक्शनात गाड्यांचे रूळ बदलण्यात त्यांचा जन्म गेला, आणि ज्या वाहनाला रूळच नाहीत त्याचा भरवसा काय धरायचा, असं त्यांचं ठाम मत होतं. बायकोनं पांढरी, छोटी, गिअरची भानगड नसलेली गाडी घेतली तेव्हा ते शोरूममध्ये आले, पेढा खाल्ला आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. तीच त्यांची कायमची जागा ठरली.

गाडी घ्यायच्या दिवशी लुंबिनी मुद्दाम पुण्याहून आली होती. एकुलती एक मुलगी, तिकडं एका कंपनीत नोकरीला. शोरूमच्या माणसानं हार घातला, फोटो काढला आणि मग मोबाइल हातात घेऊन गाडीची खरी करामत दाखवली. फोनवर एक ॲप घ्यायचं. त्यावरून गाडीला कुलूप लागतं, उघडतं, एसी चालू होतो, हॉर्न वाजतो, गाडी कुठं उभी आहे ते नकाशात दिसतं. मालकाचा नंबर सांगा, असं तो म्हणाला. ज्योत्स्नाबाई पर्समध्ये चष्मा शोधत होत्या. तेवढ्यात लुंबिनीनं स्वतःचा नंबर सांगून टाकला. मम्मीचा ओटीपीत गोंधळ होतो, म्हणाली. अशा रीतीनं गाडी राहिली मुदखेडात आणि तिचं ॲप गेलं पुण्याला.

पहिले काही महिने मजेत गेले. ज्योत्स्नाबाईंचा फोन गाडीत बसताक्षणी आपोआप जोडला जायचा आणि पडद्यावर नकाशा उघडायचा. नकाशातली बाई मराठीत रस्ता सांगायची आणि मागून धम्मानंद तिच्याशी हुज्जत घालायचे. ती म्हणायची डावीकडे वळा, हे म्हणायचे, हिला काय कळतंय, तिकडं फाटक बंद असतंय या वेळेला. बहुतेक वेळा फाटक खरंच बंद असायचं.

एकदा मे महिन्याच्या उन्हात शेजारच्या गोदावरीबाई धापा टाकत आल्या. गाडीत कुणी न्हाई आन् गाडी चालू हाय, म्हणाल्या. चोर असेल म्हणून धम्मानंद काठी घेऊन धावले. आत खरंच कुणी नव्हतं आणि एसी थंडगार चालू होता. मम्मी बाजाराला निघणार हे ठाऊक असल्यानं लुंबिनीनं पुण्यातून गाडी गार करायला घेतली होती. त्या दिवसापासून गोदावरीबाई गाडीला वळसा घालून जाऊ लागल्या. ज्योत्स्नाबाई मात्र भेटेल त्याला कौतुकानं सांगायच्या, पोरगी पुण्यात बसून गाडी बघती.

हळूहळू ते बघणं टोचायला लागलं. मम्मी, ऐंशीच्या वर गेली होतीस. मम्मी, ब्रेक लई जोरात मारलास. एकदा नांदेडला वजिराबादेत त्या साडी बघत बसल्या होत्या. दुकानदारानं गठ्ठ्यातली शेवटची साडी उलगडली आणि फोन वाजला. एवढा वेळ तिथं काय करून राहिलीस, असं लुंबिनी विचारत होती. ज्योत्स्नाबाईंनी साडी तशीच ठेवली. का ठेवली, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

मग महादेवीचा फोन आला. महादेवी म्हणजे नर्सिंगच्या ट्रेनिंगला लातुरात एका खोलीत राहिलेली मैत्रीण, आता चाकूरला मुलाकडं असते. त्यांच्याच बॅचमधल्या एकीच्या मुलाचं लग्न लातुरात होतं आणि महादेवी जाणार नव्हती. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, एसटीची पायरी चढवत नव्हती. मुलगा शिवमूर्ती याचं खताचं दुकान, पेरणीच्या तोंडावर त्याला हलता येईना. तूच जाऊन ये, माझा नमस्कार सांग, असं तिनं सांगितलं. आवाज अगदी बारीक आला होता. ही बाई एके काळी हॉस्टेलच्या गच्चीवरून ओरडली की खाली रस्त्यावरचा पाववाला थांबायचा.

"तयार राहा," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "मी न्यायला येते."

धम्मानंदांनी येण्यास साफ नकार दिला, पण टायरमधली हवा मात्र दोनदा तपासून आणायला लावली. लुंबिनीला पोचल्यावर सांगू, असं ज्योत्स्नाबाईंनी ठरवलं. उगाच कामात तिच्या जिवाला घोर कशाला. सकाळीच त्या निघाल्या. नांदेड मागं पडलं, लोहा गेलं, अहमदपूरला त्यांनी चहा घेतला. चाकूरला महादेवी दारातच खुर्ची टाकून बसली होती, गजरा माळून. तिला पुढच्या सीटवर बसवून, सीट मागं सरकवून पाय लांब करून दिला तेव्हा ती म्हणाली, घराबाहेरचा रस्ता पाहून किती दिवस झाले ते मला आठवतसुद्धा न्हाई.

चाकूर सोडून थोडं पुढं गेल्यावर फोन वाजला. पडद्यावर लुंबिनीचं नाव आलं. ज्योत्स्नाबाईंनी स्टिअरिंगवरचं बटण दाबलं आणि पोरीचा आवाज गाडीभर घुमला.

"मम्मी, गाडी कुणी नेली? मी मीटिंगमध्ये होते, आत्ता बघते तर गाडी चाकूरच्या पुढं."

मीच आणली, लातूरला लग्नाला चालले, असं ज्योत्स्नाबाईंनी सांगितलं. मग लुंबिनी सुरू झाली. हे सगळं महादेवी मावशीचं काम असणार. तिला काय जातंय. ती म्हणेल चल तुळजापूरला, तर तू तशीच निघशील. तिच्या नादाला लागू नकोस. ज्योत्स्नाबाई आवाज कमी करायचं बटण शोधत होत्या आणि हाताला लागत होतं ते गाणी बदलायचं. शेजारी महादेवी तोंडाला पदर लावून बसली होती. शेवटी तिनं पदर काढला.

"लुंबिनी, तुळजापूर आज न्हाई गं बाळा," ती म्हणाली. "आज लातूरच."

सॉरी मावशी, सॉरी मावशी, असं किती वेळ चाललं. पण मग तिनं खरी गोष्ट सांगितली. ॲपमध्ये नकाशावर गोल आखता येतो. मुदखेड आणि नांदेड आत येईल असा गोल तिनं आखून ठेवला होता. गाडी त्याबाहेर गेली की तिच्या फोनवर इशारा येतो. मम्मीनं नांदेडच्या पुढं जाऊ नये, एवढंच तिचं म्हणणं. मावशीला लातूरला दुसरी गाडी करून दे आणि तू मागं फिर, असं ती म्हणाली.

ज्योत्स्नाबाईंनी गाडी बाजूला घेतली. दिवे लावले, इंजिन बंद केलं. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. रडणाऱ्या पोरासमोर नर्सनं आवाज चढवून भागत नाही.

"तुला पुण्याला पाठवलं तेव्हा मी कुठं गोल आखला होता?" त्या म्हणाल्या. "आता ठेव फोन. मला गाडी चालवायची हाय."

मग महादेवीनं पिशवीतून धपाटे काढले, आणि धपाटे खाताना माणसाला फार वेळ तोंड पाडून बसता येत नाही.

लग्न झोकात झालं. बॅचमधल्या सगळ्या जमल्या होत्या. कुणाचे केस पिकलेले, कुणाचे रंगवलेले. मेट्रनच्या नकला झाल्या, फोटो झाले, महादेवीचा आवाज जेवणाच्या पंगतीपर्यंत पूर्वीसारखा पोचायला लागला. उन्हं कलायच्या आधी निघावं म्हणून दोघी कार्यालयाच्या मागच्या मैदानात आल्या आणि ज्योत्स्नाबाई जागीच थांबल्या. सकाळी मोकळं असलेलं मैदान आता गाड्यांनी भरलं होतं. त्यातल्या निम्म्याहून जास्त गाड्या पांढऱ्या होत्या.

महादेवीला त्यांनी लिंबाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः शोधायला निघाल्या. चावीचं बटण दाबत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. कुठंच दिवा लागला नाही. एका गाडीचं दार जोर लावून ओढलं तर आत झोपलेले गृहस्थ उठले आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, ताई, ही माझी हाय. ज्योत्स्नाबाई घामाघूम होऊन सावलीत परत आल्या. पोरीला फोन लावला तर लगेच गाडी सापडेल, हे त्यांना केव्हाच सुचलं होतं. पण सकाळी एवढं सुनावल्यावर दुपारी तिच्याच दारात कसं जायचं.

"लाव फोन," महादेवी म्हणाली. "भांडण काय, घरी जाऊनही करता येतंय. माझा गुडघा इथं दुखून राहिला."

लुंबिनीनं पहिल्याच घंटीला फोन उचलला. जणू हातातच धरून बसली होती. सकाळचा विषय तिनं काढला नाही. थांब, एवढंच म्हणाली. आणि मग मैदानाच्या पार कडेला, जनरेटरच्या मोठ्या गाडीच्या आडून, हॉर्न वाजायला लागला. दिवे लुकलुकू लागले. मैदानातले सगळे ड्रायव्हर वळून बघायला लागले. गाडीत कुणी नाही आणि गाडी हाका मारतेय.

"वाजला का?" लुंबिनीनं विचारलं.

"वाजला."

"आणखी वाजवू?"

"वाजव. महादेवीला लई मजा येऊन राहिली."

पलीकडं पोरगी हसली. सकाळपासून अडकलेलं काहीतरी त्या हसण्यात सुटलं. जनरेटरच्या आडोशाला जाऊन ज्योत्स्नाबाईंनी दार उघडलं तर आतून गार वारा अंगावर आला. हॉर्न वाजवता वाजवता तिनं एसीही लावून ठेवला होता. दाराला हात लावून त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. राग आलाच होता, तो काही खोटा नव्हता. पण तो गार वाराही खोटा नव्हता.

घरी पोचल्यावर त्यांनी स्वतःच फोन लावला. ॲप माझ्या फोनवर पाहिजे, माझ्या नंबरवर, असं सरळ सांगितलं. गाडी माझी आहे. लुंबिनीनं हरकत घेतली नाही, पण आवाज पडला. मग थांबत थांबत म्हणाली की दुपारी ऑफिसात डबा खाताना ती ॲप उघडते. नकाशातला गाडीचा बाण कधी मुदखेडच्या बाजारात असतो, कधी स्टेशनजवळ असतो. बाण हलताना दिसला की बरं वाटतं. तेवढा वेळ घरी असल्यासारखं वाटतं.

हे ज्योत्स्नाबाईंना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं होतं, पोरगी चुका मोजत बसते.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर दोघींनी मिळून नंबर बदलला. ओटीपी या वेळी ज्योत्स्नाबाईंच्या फोनवर आला. चष्मा आधीच डोळ्यांवर होता. एकेक आकडा मोठ्यानं म्हणत त्यांनी तो स्वतः भरला. शेवटी ॲपनं विचारलं, ही गाडी आणखी कुणाला दाखवायची? त्यांनी लुंबिनीचा नंबर घातला. गाडी कुठं आहे ते दिसू दे, हॉर्न वाजू दे, एसी चालू दे. गोल मात्र पुसून टाकला. मागून धम्मानंद डोकावून बघत होते. मलाही दाखवा की, म्हणाले. त्यांचाही नंबर घातला.

त्यानंतर महादेवीला दवाखान्यात दाखवायला त्या अधूनमधून चाकूरला जाऊ लागल्या. येताना कधी उशीर झाला तरी पुण्याहून फोन येत नाही. फार तर एखादा मेसेज येतो, अहमदपूरला चहा घेतलास ना, एवढाच.

दिवाळीच्या सुट्टीत लुंबिनी आली तेव्हा तिला आणायला ज्योत्स्नाबाई नांदेड स्टेशनवर गाडी घेऊन गेल्या. पोरगी पहिल्यांदाच मम्मीच्या शेजारी बसली. मुदखेडच्या रस्त्याला लागल्यावर समोरून उसाचा ट्रक आला आणि लुंबिनीनं दोन्ही पाय जोरात खाली दाबले. पुढचा ट्रक आला, पुन्हा तसंच.

"पाय मोकळे सोड," ज्योत्स्नाबाई रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. "तुझ्या बाजूला ब्रेक न्हाई."

लुंबिनीनं पाय मोकळे सोडले आणि खिडकीची काच खाली केली. बाहेर कापूस वेचायला आलेल्या बायका घरी निघाल्या होत्या. त्यातल्या एकीनं गाडी ओळखून हात केला. ज्योत्स्नाबाईंनी हॉर्न वाजवला, स्वतःच्या हातानं, आणि गाडी पुढं काढली.