थोरली गोल, धाकटी चपटी

खोपोलीला घाटाच्या पायथ्याशी गॅरेज असलं की किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. ते टोचन करून आपोआप दारात येतात! माझ्याकडे इतके साठलेत, की बहिणी म्हणतात, "अगं, तुझं लग्न माणसाशी झालं की गॅरेजशी?"

आमचे हे डेंटिंगचे मिस्त्री. चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचा, हे त्यांचं काम. रंगाला हुसेनभाई. फाटलेल्या सीटा शिवायला मी. सगळे ह्यांना मिस्त्री म्हणायचे, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणायला लागले.

तर मिस्त्रींनी तरुणपणी काळा चष्मा न लावता वेल्डिंग केलं. चाळिशीनंतर एकेक गोष्ट दिसेनाशी व्हायला लागली. पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं, "गेलं ते गेलं. राहिलंय तेही वर्षभरात जाईल."

परत येताना एस्टीत मिस्त्री म्हणाले, "कुनाला बोलू नको गं. आंधळ्याच्या हातात गाडी कोन देईल?"

घरात शाळेत जाणाऱ्या दोन मुली. मी कुणाला बोलले नाही. मी एखादी गोष्ट पोटात ठेवली, यावर माझ्या बहिणी अजून विश्वास ठेवत नाहीत!

*

आधी माझ्या कामाचं सांगते. माझ्या आईला वाटायचं, पोरगी बसल्या जागी शिवणकाम करते, किती छान! घाटातून आलेल्या सीटांवर काय काय असायचं, ते मी तिला कधी सांगितलं नाही.

एकदा मुली घरी असताना आईनं कौतुकानं विचारलं, "नवीन मशीन घेतलंस म्हणे. आता काय लागतं गं तुला जास्त? दोरा का सुया?"

मी काही बोलायच्या आत धाकटी म्हणाली, "मीठ! मीठ आणि गार पाणी. गरम पाण्यानं रक्ताचा डाग पक्का होतो, आज्जी!"

*

कर्जतच्या रस्त्याला मुंबईच्या एका शेठचा बंगला होता. त्यांची एक जुनी इटालियन स्पोर्ट्‌स कार होती, पन्नासच्या दशकातली. अंगावर सरळ रेघ म्हणून नाही. मडगार्ड फुगलेले, कंबर बारीक, मागचा भाग गोलगरगरीत. आम्ही तिला थोरली म्हणायचो.

तिला म्हशीनं धडक दिली. मिस्त्रींनी तळहातावर मऊ फडकं घेतलं आणि मडगार्डावरून हात फिरवत बसले. डोळे मिटून. लोकांना वाटायचं, केवढं ध्यान लागलंय!

मडगार्ड आतून चाचपताना ते एकदम हसले. "ही मशीनवर काढलेली नाय. मानसानं ठोकलीय. हातोडीच्या खुना हायत आत. आन् तो मानूस डावरा होता!"

हुसेनभाई म्हणाले, "मिस्त्री, आता त्याच्या बायकोचं नाव पण सांगून टाका!"

काम इतकं साफ झालं, की शेठनं मुंबईतल्या सगळ्या मित्रांना आमचा पत्ता दिला. पुढची सहा-सात वर्षं आमची चूल त्या पत्त्यावर पेटली. मिस्त्रींचे डोळे मात्र डॉक्टरांच्या शब्दाला जागले. वर्षभरात गेले.

*

मग शेठच्या मुलानं धाकटी आणली. तीही इटालियन, पण सत्तरच्या दशकातली. जमिनीला चिकटलेली, पुढून पाचरीसारखी निमुळती, सगळीकडे कोपरे.

बापलेक गॅरेजमध्येच भांडायला लागले.

शेठ म्हणाले, "ही गाडी आहे? अरे, इस्त्री आहे ही! थोरलीकडे बघ, उभी असली तरी पळतेय असं वाटतं."

"पप्पा, तुमची गाडी नुसती लाडू दिसते! हिला धार आहे धार. मिस्त्री, तुम्हीच सांगा."

मिस्त्रींनी धाकटीच्या नाकावरून हात फिरवला. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. परत फिरवला. तिसऱ्यांदा फिरवला. कपाळावर घाम आलेला मला दिसला.

मुलगा हसला. "दिवे शोधताय ना? आत आहेत. बटण दाबलं की वर येतात!"

सगळे हसले. मिस्त्रीही हसले.

घरी येऊन ताटावर बसले, पण जेवेनात. मी विचारलं, "काय झालं?"

"दिवं लागंनात हाताला. मला वाटलं, आता हात बी गेला."

*

तेव्हापासून मिस्त्री धाकटीला नावं ठेवायला लागले. "पोट ना पाठ, पत्र्याचा डबा नुसता!" लोकांना वाटायचं, जुन्या माणसाला जुनीच आवडणार. खरं कारण एवढंच, की गोलाई हाताला कळते. धाकटीच्या अंगावर पुढून मागपर्यंत एक लांब सरळ रेघ होती, आणि सरळ रेघ बघायला डोळे लागतात.

आणि नेमकी तीच बाजू मुलानं फाटकाला घासून आणली!

मग आम्ही युक्ती काढली. मी शिवणाचा दोरा रेघेवर ताणून धरायचा. पत्रा वर असला तर एकदा खोकायचं, खाली असला तर दोनदा. चार दिवस मी अशी खोकले, की हुसेनभाईंनी कफ सिरपची बाटली आणून दिली. म्हणाले, "भाभी, छाती दाखवून घ्या. हा खोकला बरा नाही."

माझा खोकला बहुतेक कुठेतरी चुकला. मुलगा गाडी न्यायला आला आणि लगेच म्हणाला, "मिस्त्री, रेघेला बाक आलाय. तुम्हाला दिसलं नाही?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात हुसेनभाई मध्ये पडले. "माझी चूक आहे, साहेब. पुट्टी जास्त भरली मी. उद्या घेऊन जा."

मुलगा गेल्यावर ते ब्रश धूत धूत माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "भाभी, वो सिरप फेंक दो."

*

दोन वर्षांनी धाकटी घाटातून दरीत गेली. संध्याकाळी गेली असणार. दुसऱ्या दिवशी गुरं चारणाऱ्या बाईला दिसली. मुलगा आतच होता, गेलेला.

क्रेननं गाडी वर काढली आणि आमच्या अंगणात आणून टाकली. दोन दिवसांनी भंगारवाला नेणार होता. थोरली तेव्हा आमच्याकडेच होती, रंगाला. एक बाजू झालेली, एक राहिलेली.

शेठ आले. धाकटीकडे पाठ करून बाकड्यावर बसले.

"मिस्त्री, मला तिच्याकडे बघवत नाही. डॉक्टर म्हणतात, जागच्या जागी गेला. पोलीस म्हणतात, जागच्या जागी गेला. ते काय, असंच सांगणार. तुम्हाला पत्र्यावरून कळतं. तुम्ही बघा आणि मला खरं सांगा."

मिस्त्री उठले. बॉनेटवरून हात फिरवला. टपावरून फिरवला. मग ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर आले आणि हात थांबला.

मी पुढे होऊन बघितलं. दरीत पडलेल्या गाडीला खड्डे पडतात, ते आत जातात. त्या सपाट दारावर टेंगळं होती, बाहेर आलेली. बुटाच्या टाचेएवढी, कडीजवळ, एकाशेजारी एक. मी मोजायला लागले आणि मध्येच थांबले.

मिस्त्री परत येऊन शेठसमोर उभे राहिले. सगळं गॅरेज ऐकत होतं.

"शेठ, माझं डोळं गेलेत. सात वर्सं झाली. मला काय बी दिसत नाय."

शेठ म्हणाले, "पण हात? थोरलीचं एवढं काम केलंत ते?"

"ते हिनं आन् हुसेनभाईनं केलं. मी नुसता हात फिरवायचो. माझ्या हाताला काय कळत नाय, शेठ."

"इतकी वर्षं मला फसवलंत?"

"व्हय."

शेठ उठले. ड्रायव्हरला सांगून थोरली तशीच अर्ध्या रंगाची घेऊन गेले. महिनाभरात त्यांच्या मित्रांच्या गाड्याही बंद झाल्या.

पण त्या दिवशी थोरलीचा आवाज लांब गेल्यावर मिस्त्री म्हणाले, "बारका हातोडा दे गं."

"अहो, परवा भंगारात जायचीय ती."

"दे गं."

धाकटीच्या दाराशी मांडी घालून बसले आणि एकेक टेंगूळ ठोकून आत घ्यायला लागले. हळूहळू, नव्या गाडीला ठोकावं तसं. मग दारावर तळहात फिरवला, वरून खाली, खालून वर.

"बघ गं, काय राहिलं का?"

मी वाकून बघितलं.

"काही नाही," मी म्हटलं.