सालासकट वाल

आमच्या अलिबागकडच्या माणसाला वालाचं कौतुक सांगावं लागत नाही. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा चिमटीत धरून सालातून बाहेर काढायचा. मग त्यांचं बिरडं करायचं. हे सोलणं भयंकर वेळखाऊ. पण आमच्या घरी ते कधी कुणाला जड गेलं नाही, कारण ते एकटीनं करायचं काम नव्हतंच. मध्ये परात आणि भोवती आई, काकू, शेजारची मावशी आणि वाटेनं जाताजाता टेकलेली आणखी एखादी. परात संपेपर्यंत निम्म्या गावाचा समाचार घेऊन झालेला असे.

लग्न होऊन मी नव्या पनवेलला आले, ती ऐंशीच्या दशकातली वर्षं. खांदेश्वरच्या बाजूला आमची इमारत होती. सोळा दारं, त्यातल्या पाचांवर नावाच्या पाट्या. बाकीच्यांनी पुढे भाव येईल म्हणून घरं घेऊन कुलपं लावून ठेवली होती. नवरा कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याकडे कारकून. सकाळी डबा घेऊन सायकलवर निघायचा तो रात्री जेवायच्या वेळेला उगवायचा. जेवला की झोपायचा. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. दमलेल्या माणसाशी धड भांडताही येत नाही, हा माझा त्याच्यावरचा खरा राग.

पहिल्याच वर्षी मी एक युक्ती केली. मुद्दाम किलोभर वाल भिजवले. एवढे एकटीला सोलवणार नाहीत, म्हणजे कुणाला तरी हाक मारायला निमित्त मिळेल. मोड छान आले. मी केस विंचरले, बरं पातळ नेसले आणि समोरचं दार वाजवलं. समोरच्या बाईंनी दाराची साखळी न काढताच विचारलं, काय विकायला आणलंय? मी म्हटलं, विकत नाहीये, वाल सोलायला येता का? त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. आमच्याकडे वाल खात नाहीत, असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. खालच्या मजल्यावरची नोकरीला जाणारी, तिच्या दाराला कुलूप. तिसरं दार वाजवायचं धैर्य मला झालं नाही. दोन दिवस मी एकटीच सोलत बसले. शेवटी उरलेले आंबले आणि मी ते टाकून दिले. वाल टाकून देणारी आमच्या घराण्यातली मी पहिलीच असेन.

दाराशी कडधान्य आणि सुकी मासळी घेऊन येणारी जवळच्या गावातली एक आगरी बाई होती. आठवड्यातून एकदा ती उंबऱ्याशी टोपली उतरवून पाय पसरून बसे. बोलायला तेवढीच काय ती. मी हल्ली वाल का घेत नाही, असं तिनं विचारलं तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. ती हसली नाही. म्हणाली, "तू एकली मानूस हाय. सोलत कशाला बसतंस? सालासकट उकड नि चेच."

त्या सल्ल्यानं माझी चार वर्षांची दुपारची जेवणं निभावली. आदल्या दिवशी मूठभर वाल भिजत टाकायचे. सकाळी स्टोव्हवर एक उकळी आणून ते पाणी ओतून द्यायचं, म्हणजे कडूपणा बराच जातो. मग नवं पाणी घालून कुकरला लावायचे. मऊ झाले की पातेल्यात घेऊन वाटीच्या बुडानं चेचायचे. लसूण, हिरवी मिरची आणि मीठ ठेचून त्यात घालायचं, वर लिंबू पिळायचं, चमचाभर कच्चं तेल आणि बारीक चिरलेला कांदा. झालं. सायकलवाला पाव देऊन जायचा, त्याचा तुकडा बुडवून खायचा. सालं जिभेला लागतात, पण चवीला वाईट म्हणता येणार नाही. खिडकीत उभं राहून खाल्लं तर ताटसुद्धा लागत नाही.

आईला मात्र मी पत्रात वेगळंच लिहीत होते. मी तिची एकुलती एक. वडील गेल्यावर ती गावी एकटी होती. माझ्या काळजीनं तिनं झुरू नये म्हणून मी लिहिलं की शेजार फार चांगला आहे, आम्ही चौघीजणी दुपारी वाल सोलायला बसतो. एकदा लिहिलं आणि मग थांबवेना. समोरच्या वहिनींना मी बडबडं केलं, दुसऱ्या मजल्यावरचीला खोडकर. एकदा तर दोघींचं भांडण लावून दिलं आणि पुढच्या अंतर्देशीय पत्रात ते मिटवलं. आईही उलट लिहायची, आमच्याकडेही परवा काकू, मावशी सगळ्या जमलो होतो, तुझी आठवण काढली. ते वाचून मला बरंही वाटायचं आणि रडूही यायचं.

आणि एका थंडीत आईचं पत्र आलं की ती एका दिवसासाठी येतेय.

एका दिवसासाठी, कारण लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, हा तिचा नेम. आमच्याकडच्या जुन्या बायका तो पाळत. तिनं तो पाळून चारच वर्षं झाली होती, पण ती चार वर्षं मला फार मोठी वाटत होती. सकाळच्या एस्टीनं ती आली ती स्वतःच्या भाकऱ्या फडक्यात आणि स्वतःचं पाणी फिरकीच्या तांब्यात घेऊन. दुसऱ्या पिशवीत वालाची भलीमोठी पुरचुंडी होती. वाल मोड आणूनच आणले होते. तुझ्या मैत्रिणींना आपल्याकडचे वाल म्हणून आणले, बोलाव सगळ्यांना, आज सोलून टाकू, असं ती चप्पल काढता काढता म्हणाली.

आलेले मोड थांबत नाहीत, त्यामुळे उद्यावर ढकलायची सोय नव्हती. मी म्हटलं, समोरच्या वहिनी माहेरी गेल्यात. दुसऱ्या मजल्यावरची? तिला ताप आहे. आणि ती तिसरी? तिचं नाव मी पत्रात काय ठेवलं होतं, तेच मला आठवेना. आईनं फार खोदलं नाही. म्हणाली, दार उघडं ठेव, आपण बसलेल्या दिसलो की येईल कुणीतरी.

आम्ही दोघी उघड्या दाराशी परात घेऊन बसलो. आईची बोटं झरझर चालत होती. जिन्यात पाऊल वाजलं की ती हात थांबवून वर बघे, ओळख काढायच्या तयारीचं हसू चेहऱ्यावर ठेवून. पहिला आला तो पोस्टमन. मग खालच्या मजल्याचे कुणी गृहस्थ गच्चीवर जाऊन आले, जाताना आणि येताना आमच्याकडे न बघता. आणि मग समोरचं दार उघडलं. माहेरी गेलेल्या वहिनी पिशवी घेऊन बाहेर आल्या, आम्ही दिसलोच नाही असं करून जिना उतरून गेल्या. मी मान खाली घालून वाल सोलत राहिले. थोड्या वेळानं आईनंच उठून दार लावलं.

जेवायच्या वेळेला तिनं आपल्या भाकऱ्यांचं फडकं सोडलं. तिला काही न वाढता तिच्यासमोर जेवायचं म्हणजे चोरट्यासारखं वाटत होतं, पण ती ऐकेना, म्हणाली तूही घे. घरात सकाळी चेचलेले वालच होते. ते वाडग्यात घेऊन मी तिच्यासमोर बसले. ती त्या वाडग्याकडे बघत राहिली. काळी साल लपत नाही. वाल सालासकट खायची वेळ कुणावर येते, हे आमच्याकडच्या बाईला सांगावं लागत नाही.

तिनं हात पुढे केला, भाकरीचा तुकडा माझ्या वाडग्यात बुडवला आणि तोंडात घातला.

मी म्हटलं, "आई, माझ्या घरचं आहे ते."

"ठाऊक आहे."

तिनं दुसरा घास घेतला, सावकाश खाल्ला. मग म्हणाली, "मीठ कमी झालंय गो. मी जरा जास्त घालते."

मला कळायला एक क्षण लागला. म्हणजे तीही असेच वाल करत होती. मी विचारलं, काकू? काकू दोन वर्षांपूर्वीच मुलाकडे ठाण्याला गेली. आणि शेजारची मावशी? तिला आता दिसत नाही, ती खाटेवरच असते. पत्रातल्या सगळ्या जमलेल्या बायका तिनं तिकडे बसून जमवल्या होत्या, मी माझ्या इकडे जमवल्या तशा. आम्ही दोघी एकाच वाडग्यातून जेवलो. कुणी कुणाची समजूत घातली नाही.

स्टँडवर गाडीची वाट बघताना मी तिला म्हटलं, "इथंच राहा ना माझ्याकडे."

ती म्हणाली, "लेकीच्या घरी कुणी राहतं होय? एक दिवस जेवले, तेवढं पुष्कळ झालं."

मी पुन्हा आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर ती नाही म्हणाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. एवढ्याशा दोन खोल्या, त्यात त्याच्या सासूला ठेवून घ्यायचं नवऱ्याला कसं सांगणार, सासरचे काय म्हणतील, हे सगळं तिच्या उत्तरानं परस्पर मिटलं. तिनं ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं असणार, कारण गाडीत बसल्यावर ती मलाच धीर देत म्हणाली, मी मजेत आहे, माझी काळजी करू नको. मीही मान हलवली, जणू मला ते पटलंच. गाडी गेल्यावर मी घरी चालत आले. तिच्यासारखी एकटी बाई तिकडे आहे आणि माझ्यासारखी इकडे, आणि दोघींना एकत्र ठेवायला फक्त मी पुन्हा एकदा म्हणायला हवं होतं, हे त्या सबंध वाटेवर मला स्वच्छ कळत होतं.