आतून कडी

माझी मावशी उंचीने जेमतेम, पण तोंड उघडलं की भल्याभल्यांची बोलती बंद. "हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतेस?" असं आई तिला कायम बजावायची. मला मात्र तिचा अभिमान वाटतो, आणि त्याचं कारण एक कडी आहे.

मावशी परमुलखात एका मोठ्या लाँड्रीत होती. हॉटेलांच्या चादरी धुवायच्या, इस्त्री करायच्या, घड्या घालायच्या. तिथल्या बायका संध्याकाळी घरी जात. बाहेरून आलेल्या सगळ्याजणी वरच्या खोलीत राहत. त्या खोलीला कडी होती, पण फक्त बाहेरून. मुकादम तपासणीच्या नावाखाली वाटेल तेव्हा आत शिरायचा, मग बायका झोपलेल्या असोत की कपडे बदलत असोत.

मावशीने मॅनेजरकडे आतून कडी मागितली.

"खोली आमची, दार आमचं," तो म्हणाला. "पटत नसेल तर बोचकं बांध."

"दार तुमचं असेल, साहेब. अंग आमचं आहे."

नोकरी गेली की राहायची जागाही जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी कामाच्या टेबलाशी परत येऊन तिने हातात घेतलेलं चादरीचं टोक सोडून दिलं.

आता एवढ्या मोठ्या चादरीची घडी काही एकटीने होत नाही. बाहेरच्या बायकांनी आपल्या भाषेत कुजबुजू नये म्हणून मॅनेजरनेच जोड्या लावल्या होत्या, एक तिथली आणि एक बाहेरची. मावशीची जोडीदारीण तिथलीच, भलती फटकळ. तिच्या घराला चांगली कडी होती. तिचं काय अडलं होतं?

"तुला दुसरी जोडीदारीण देतो," मुकादम तिला म्हणाला.

तिनेही टोक सोडलं. "मला हिच्याशिवाय घडी जमत नाही," असं म्हणून ती खुशाल स्टुलावर जाऊन बसली.

मग एकेका टेबलावरचे हात थांबले. बाहेर हॉटेलची गाडी हॉर्नवर हॉर्न देत होती. अशा जोड्या लावून मॅनेजरने आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता. दुपारी मुकाट्याने सुतार बोलावला गेला.

संध्याकाळी मॅनेजर कडी बघायला वर आला. सवयीने दार ढकललं, ते हललं नाही. शेवटी ठोठावलं.

"कोण?" मावशीने आतून विचारलं.

"मी. मॅनेजर."

"थांबा जरा."

आत एकजण वेणी घालत होती. तिची वेणी पुरी होईपर्यंत मॅनेजर जिन्यात उभा राहिला.