पाव फुंकर

शिट्ट्यांच्या कारखान्यात तपासणीच्या स्टुलावर बसणाऱ्या माणसाला सगळे ‘मास्तर’ म्हणायचे, पण त्यांनी उभ्या जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं. शाळेत ते स्वतःच फारसं शिकले नाहीत, तर दुसऱ्याला काय शिकवणार! ज्याच्या हाती शिट्टी तो मास्तर, एवढंच कारखान्याचं तर्कशास्त्र, आणि सव्वीस वर्षं शिट्टी यांच्याच हाती होती.

काम दिसायला सोपं. पितळी शिट्टी तयार होऊन यायची, पोटात बुचाची गोळी आणि पाठीवर सांधा जोडणारी ताजी झाळ. मास्तर बोटभर रबरी नळीचं एक टोक ओठांत धरायचे, दुसऱ्या टोकाला शिट्टी लावायचे आणि फुंकायचे. वाजली की उजवीकडच्या टोपलीत. नाही वाजली की डावीकडच्या, दुरुस्तीच्या टोपलीत. फुंकर तरी केवढी? चहावरची साय कडेला सारायला लागते तेवढी. कारखान्यात तिला ‘पाव फुंकर’ म्हणत. नवीन लोक हसायचे. दिवसभर शेकड्यांनी शिट्ट्या फुंकायच्या तर माणूस जपूनच फुंकणार, असं मास्तर सगळ्यांना सांगायचे, आणि त्यांना स्वतःलाही तेच खरं वाटत होतं.

राहायला ते चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. संध्याकाळी कामावरून आले की मास्तर प्रत्येक मजल्यावर थांबायचे आणि ज्याचं दार उघडं दिसेल त्याची चौकशी करायचे. पहिल्या मजल्यावर शिंप्याच्या मशीनची, दुसऱ्यावर आजींच्या गुडघ्याची, तिसऱ्यावर एका मांजरीची, कारण मांजरीचे मालक घुमे होते. एवढा माणसांत रमणारा माणूस दुसरा नाही असं अख्खी इमारत म्हणायची. बायकोचं मत वेगळं होतं. “पाय जिन्यात आणि नाक लोकांच्या दारात,” ती म्हणायची, “कोपऱ्यावर दिसले की मी चहा टाकत नाही. अजून अर्धा तास असतो.”

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं. त्या वर्षी विमा कंपनीला एकाएकी कामगारांच्या तब्येतीचा पुळका आला, आणि कारखान्याच्या दारात एक्स-रेची गाडी येऊन उभी राहिली.

एक्स-रेवाल्याने मास्तरांचा फोटो काढला, पाहिला आणि म्हणाला, “काका, परत उभे राहा.” दुसरा काढला. तिसरा काढला. मग कपाळाला हात लावून म्हणाला, “तुम्ही अर्धेच येताय.”

“मी तर अख्खा उभा होतो,” मास्तर म्हणाले.

एक्स-रेवाल्याने मशीनला दोन चापट्या मारल्या. मशीन बिघडलंय का हे बघायला त्याने रांगेतून खोकी उचलणाऱ्या पैलवानाला पुढे ओढलं. पैलवानाची छाती कपाटाएवढी. त्याचे खांदे दोन्हीकडून फोटोच्या बाहेर गेले, पण आतली दोन फुप्फुसं अगदी ठळक आली. म्हणजे मशीन ठीक होतं. बिघाड मास्तरांतच होता.

हॉस्पिटलात डॉक्टरांना इतका आनंद झाला की आपण काहीतरी जिंकलोय असं मास्तरांना वाटलं.

“तुम्हाला डावं फुप्फुस नाही,” डॉक्टर म्हणाले. “उजवं पसरून मोठं झालंय आणि हृदय सरकून डावीकडच्या मोकळ्या जागेत गेलंय.”

“मग डावं गेलं कुठे?”

“गेलं नाही हो. आलंच नव्हतं. जन्मापासून नाही.”

मग अकरा शिकाऊ डॉक्टर रांगेने आले आणि एकेकाने मास्तरांच्या छातीला नळी लावली. त्यांतल्या नवव्या मुलीला डाव्या बाजूला हवाच ऐकू येईना. ती घाबरून म्हणाली, “सर, पेशंट श्वास घेत नाहीये!” मास्तरांनी तिला धीर दिला. निघताना डॉक्टरांनी बजावलं, की जड ओझी उचलायची नाहीत, सर्दी अंगावर काढायची नाही, धुराच्या जवळ जायचं नाही, वर्षातून एकदा दाखवायला यायचं, बाकी आजवर जगलात तसंच जगा. शिट्ट्यांचं विचारायचं मात्र मास्तर विसरले, आणि घोटाळा झाला तो इथेच.

घरी गेल्यावर बायको आधी रडली, मग डोळे पुसून म्हणाली, “अहो, एका फुप्फुसावर तुम्ही एवढे घोरता? दुसरं असतं तर छप्परच उडालं असतं.” पण तेवढ्यात तिला आठवलं, की गेल्या वर्षी लोखंडी कपाट वर चढवताना आपण यांना ‘आळशी’ म्हणालो होतो. मग ती पुन्हा रडली आणि त्यांच्या हातातली डब्याची पिशवीसुद्धा काढून घेतली. पिशवीत रिकामा डबा होता.

म्हातारी आई मात्र भांडायलाच उठली. “डॉक्टरला म्हणावं नीट बघ! जन्मला तेव्हा मी मोजून घेतलाय याला. हात दोन, पाय दोन, कान दोन. बोटंसुद्धा वीस होती.”

“अगं आई, आतलं कोण मोजणार?”

कधी नव्हे ते त्या रात्री जेवताना आईने सुनेच्या हाताला नावं ठेवली नाहीत. नंतर भांडी लावता लावता, कुणाकडेही न बघता, ती म्हणाली, “माझंच काहीतरी चुकलं असणार. देताना कमी दिलं मी.” मास्तर म्हणाले, असं काही नसतं. सून म्हणाली, असं काही नसतं. पण सत्याहत्तर वर्षांच्या बाईने एकदा डोक्यात घेतलं की ते काढायला डॉक्टरही पुरे पडत नाहीत.

इमारतीतही बभ्रा झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मास्तरांना जिन्यातच गाठलं. “म्हणजे इतकी वर्षं तू माझ्या गुडघ्याच्या नावाखाली दम खात होतास!”

“आजी, शपथेवर सांगतो, मलाही ठाऊक नव्हतं.”

आजींनी धाडकन दार लावलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते आपणहून उघडलं, कारण गुडघा दुखत होता आणि दुसरं कुणी विचारत नव्हतं.

पण हे सगळं परवडलं. खरा घाव कारखान्यात बसला.

मालकीणबाई मनाने लोण्यासारख्या, आणि अशा माणसांपासून देव वाचवो. त्यांनी मास्तरांना बोलावून घेतलं. बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. “मास्तर, एका फुप्फुसाच्या माणसाकडून मी सव्वीस वर्षं शिट्ट्या फुंकून घेतल्या! मला झोप लागेल का? उद्यापासून तुम्ही खोक्यांवर लेबलं चिकटवा. पगार तोच. स्टुलावर आपला पैलवान बसेल. त्याच्याकडे वारा भरपूर आहे.”

मास्तर “बरं” म्हणाले. चांगुलपणाशी भांडणार कसं? पण त्यांना फार वाईट वाटलं, आणि वाईटाहून जास्त लाज वाटली. जगात त्यांना एकच गोष्ट इतरांपेक्षा बरी येत होती. ती तोंडचा घास काढावा तशी काढून घेतली होती, वर सगळे मायेने बघत होते. त्यांना ते स्टूल परत हवं होतं. पण अर्ध्या छातीच्या माणसाने फुंकायचं काम कोणत्या तोंडाने मागायचं, हे काही त्यांना सुचेना. त्यातून आता जिन्यात त्यांना खरोखर धाप लागू लागली. इतकी वर्षं ठाऊक नव्हतं तेव्हा लागत नव्हती.

इकडे पैलवानाने काय शिट्ट्या वाजवल्या! पहिल्याच फुंकरीला झाळकाम करणाऱ्याच्या हातातली पक्कड पडली. समोरच्या रस्त्यावर दोन सायकलवाले जागच्या जागी थांबले. आणि नवल म्हणजे एकही शिट्टी नापास होईना. दुरुस्तीची टोपली रिकामी राहू लागली, तेव्हा पैलवान तिच्यात आपला जेवणाचा डबा ठेवू लागला. मालकीणबाईंनी सगळ्यांना चहा पाजला. झाळकाम करणारा मिशीला पीळ देत म्हणाला, “माझा हात पहिल्यापासून चांगलाच होता. फुंकणाऱ्यातच जोर नव्हता.” मास्तर कोपऱ्यात लेबलं चिकटवत होते. त्यांना ते ऐकू गेलं.

तीन आठवड्यांनी एका शाळेतून शिट्ट्यांचं खोकं परत आलं. सोबत चिठ्ठी होती, ‘वाजत नाहीत.’ पैलवानाने खोक्यातली एकूण एक शिट्टी फुंकली. एकूण एक वाजली. खोकं परत पाठवलं. आठ दिवसांनी ते पुन्हा आलं, आणि या खेपेला खोक्यासोबत शाळेच्या खेळाच्या बाई स्वतःच आल्या. बाई निवृत्तीला टेकलेल्या, अंगाने काडी, पण आवाज असा की मालकीणबाई आपल्याच खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

“वाजवून दाखवा,” बाई म्हणाल्या.

पैलवानाने शिट्टी उचलली आणि फुंकली. खिडकीच्या काचा थरथरल्या.

“आता मी वाजवते.” बाईंनी दुसरी घेतली, गाल फुगवले आणि फुंकलं. फुस्स. तिसरी घेतली. फुस्स. “शंभर मुलं मैदानात उधळलेली असतात. मी ही फुंकते आणि माझं मलाच ऐकू येत नाही. तुम्ही असं करा, शिट्ट्या ठेवून घ्या आणि हा माणूस शाळेत पाठवा.”

पैलवानाला ते पटलं. “येतो की,” तो म्हणाला.

मास्तर नेमके लेबलांचा गठ्ठा घेऊन तिथून चालले होते. टेबलावर शिट्टी दिसली आणि त्यांचा हात सवयीने पुढे गेला. खिशात रबरी नळी अजून होतीच. त्यांनी पाव फुंकर मारली. फुस्स.

“खाच अरुंद आहे,” मास्तर पुटपुटले. दुसरी घेतली. फुस्स. “हिची झाळ गळते.” तिसरी. “गोळी मोठी पडलीय. ह्या सगळ्या दुरुस्तीत टाकायच्या होत्या.”

“पण माझ्याकडे तर वाजल्या!” पैलवान म्हणाला.

“तुझ्यासारखं वादळ सुटलं तर रिकामी बाटलीसुद्धा वाजते रे!” बाई कडाडल्या आणि मास्तरांकडे वळल्या. “आधी कोण तपासायचं? वीस वर्षं तुमच्याकडच्याच शिट्ट्या वापरतेय, एकदाही असं झालं नाही.”

“मी तपासायचो,” मास्तर खाली मान घालून म्हणाले. “पण मला एकच फुप्फुस आहे.”

मालकीणबाईंनी मास्तरांच्या हातातलं लेबल घेतलं आणि मोठ्याने वाचलं. ‘हलक्या फुंकरीत वाजते.’ त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून खोक्यावर तेच छापलेलं होतं. महिनाभर मास्तर ते चिकटवत होते, पैलवान ती खोकी उचलत होता, आणि त्या स्वतः येता-जाता ती बघत होत्या.

“मास्तर,” लेबल खाली ठेवत मालकीणबाई म्हणाल्या, “मी मूर्ख आहे. तुम्हाला जी वाजते ती कुणालाही वाजते. उद्यापासून स्टुलावर बसाल का? पण थांबा, आधी डॉक्टरांना विचारते.” त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला.

“शिट्ट्या?” डॉक्टर म्हणाले. “इतक्या हलक्या फुंकतात तर खुशाल फुंकू द्या की. मी कुठे नको म्हणालो? मला कुणी विचारलंच नाही!”

मास्तरांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. उद्याची वाट बघायला ते काही तयार नव्हते. स्टुलावर बसून त्यांनी दुरुस्तीच्या टोपलीतला पैलवानाचा डबा बाहेर काढला, आणि संध्याकाळपर्यंत ती टोपली शिगोशीग भरली. झाळकाम करणाऱ्याने मिशी खाली घेतली. पैलवानाने पाव फुंकर शिकायची खूप धडपड केली. तो लाल झाला, घामाघूम झाला, पण त्याची सगळ्यात हलकी फुंकरही रस्त्यावरच्या सायकली थांबवायची. तो खुशीने खोक्यांकडे परत गेला.

त्या संध्याकाळी मास्तर प्रत्येक मजल्यावर थांबले, आजींच्या गुडघ्याची दुप्पट चौकशी केली, आणि घरी येऊन आईच्या हातात एक नवी शिट्टी ठेवली.

“वाजव.”

“वेडा आहेस का? माझ्यात कुठला आलाय एवढा वारा?”

“आहे तेवढा पुरे. वाजव तर.”

आईने बोळक्या तोंडाने शिट्टी धरली आणि हळूच फुंकलं. शिट्टी अशी खणखणीत वाजली की खालच्या मजल्यावरून मांजर पळाल्याचा आवाज आला आणि सून पिठाचे हात घेऊन बाहेर धावली. आई स्वतःच दचकली. मास्तरांनी मग तिला दिवसभराचं सगळं सांगितलं, खेळाच्या बाई, पैलवान, लेबल, स्टूल. आई शिट्टी हातात फिरवत ऐकत होती.

“म्हणजे दोन असती तर हे काम तुला जमलं नसतं?”

“नसतं जमलं.”

आई शिट्टीकडे बघत राहिली. मग तिने डोळे पुसले.

“मग बरोबर मोजूनच दिलं होतं म्हण की मी,” ती म्हणाली, आणि सून अजून दारातच उभी आहे हे बघून तिने चहासाठी शिट्टी वाजवली.