सातविणीखालची दुसरी खुर्ची

आश्विनात उन्हं उतरली की वसुधाताई अंगणात दोन खुर्च्या मांडायच्या आणि एकीवर स्वतः बसायच्या. दुसरीवर कोणी बसायचं नाही. कात्रपच्या त्या बिल्डिंगमध्ये मी नवी राहायला आले होते. त्या दुसरीवर चांगली ऐसपैस बसायला गेले, तर ताई म्हणाल्या, "तिथे नको गं. नलू बसलीय." मी उडालेच! खुर्ची तर रिकामी. ताईंनी शांतपणे आतून माझ्यासाठी स्टूल आणलं.

खुर्च्या सातविणीखाली असायच्या. शरदात हे झाड हिरवट पांढऱ्या फुलांनी गच्च भरतं आणि तिन्हीसांजेला असा वास सोडतं की डोकं भणभणावं. बिल्डिंगमधले लोक खिडक्या लावून घ्यायचे, भुताचं झाड म्हणायचे. ताईंचा मात्र तोच खरा सण. सकाळी शेतांकडे चक्कर, दुपारी लिहिणं, संध्याकाळी ते मोठ्याने वाचणं, वर दिवाळी अंकातली एखादी कथा. मलाही त्यांनी लिहायला बसवलं. अंबरनाथहून ऑफिस करून दमून आले तरी सुटका नसे.

एकदा मी झोकात लिहून नेलं, 'भाताची शेतं वाऱ्यावर डुलत होती.'

"परत वाच," ताई म्हणाल्या.

वाचलं. पुन्हा तेच, "परत वाच." शेवटी विचारलं, "आज वारा होता?"

कसला वारा! उकाड्याने जीव चालला होता.

"मग आणलास कुठून? नलूला खोटं चालत नाही."

नलू ही त्यांची धाकटी बहीण, जन्मापासून आंधळी. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये त्या दोघी दारात बसायच्या आणि दिसेल ते ताई तिला सांगायच्या. उडणारे चतुर, निवळलेलं आभाळ, शेजारच्या सिंधी मावशींचे वाळत घातलेले पापड. जरा रंगवून सांगितलं की नलू लगेच फटकारायची, "खोटं. परत सांग." अशाच एका आश्विनात ती तापाने गेली. "मी तिला बाहेरचं आभाळ सांगत होते," ताई म्हणाल्या. "वाक्य अर्धंच राहिलं. पुरं करायला नको?"

असल्या गोष्टींवर माझा मेला विश्वास नाही. पण एक गोष्ट मला छळायची. फुलं सगळीकडे पडायची, ताईंच्या डोक्यावर, माझ्या चहात. त्या खुर्चीवर मात्र एकही नाही. ताई हळूच फडकं मारत असतील, असं मी धरून चालले होते. एका संध्याकाळी मुद्दाम नजर ठेवून बसले. ताई जागच्या हलल्या नाहीत आणि खुर्ची कोरीच राहिली. त्या दिवशी माझा चहा तसाच राहिला.

गेल्या पावसाळ्यात ताईंना धाप लागायला लागली. हॉस्पिटलमध्ये त्यांना एकच घोर होता. "मी गेल्यावर नलूला कोण वाचून दाखवणार? ती वाट बघत बसेल गं. कोणी आलंय की नाही, तेही तिला दिसायचं नाही."

"तुम्हीच दाखवाल. बऱ्या होऊन घरी याल."

"खोटं," ताई कशाबशा म्हणाल्या. "परत सांग."

झाड फुलायच्या आत ताई गेल्या.

आश्विन लागला, वास खिडकीतून आत यायला लागला. लोक काय म्हणतील म्हणून मी दोन-चार दिवस काढले. पण ती वाट बघणारी नलू काही डोक्यातून जाईना. शेवटी ताईंच्या भाच्याकडून किल्ली घेऊन दोन्ही खुर्च्या बाहेर मांडल्या, स्वतःला स्टूल घेतलं आणि लिहिलेलं वाचायला लागले. 'ताई शांतपणे गेल्या.'

खुर्ची करकरली. कोणी पुढे झुकून बसावं तशी. अंगणात चिटपाखरू नव्हतं. आवाज ताईंच्या खुर्चीचा होता.

पळून जावं असं फार वाटलं. पण मान खाली घालूनच मी परत वाचलं, कागदावर नसलेलं.

"ताई घाबरल्या होत्या. माझा हात सोडत नव्हत्या. नलू, त्यांना तुझी काळजी लागली होती."

मग मला रडू फुटलं. उठले तेव्हा केसांत, ओच्यात, स्टुलाखाली फुलंच फुलं होती. दोन्ही खुर्च्या कोऱ्या होत्या.

मी त्या आत नेल्या नाहीत. स्टूल तेवढं उचललं आणि म्हटलं, "उद्या येते."