पायरीवरचं सॉरी

पत्रक वाटायचा एक नियम आहे: डोळे आधी, हात नंतर. माणसाच्या डोळ्यांत बघितलं की तो कागद घेतो. हाताकडे बघितलं की तो हात खिशात घालतो. हा नियम मी कॉलेजात शिकले, नाशिकहून गाड्यांच्या कारखान्यातल्या नोकरीसाठी चेन्नईला आले तेव्हा सोबत आणला, आणि तांबरममधल्या एका साड्यांच्या दुकानाच्या पायऱ्यांवर हरवून बसले.

पत्रकातली मागणी काय, तर स्टूल. दिवसभर उभ्या असणाऱ्या विक्रेत्या मुलींना गिऱ्हाईक नसताना टेकायला एक स्टूल. कायद्यात आहे, दुकानात नव्हतं. मॅनेजरला मात्र फिरती खुर्ची होती!

त्या रविवारी एक मुलगी दारापर्यंत आली आणि तिने पत्रक घेतलं. मॅनेजरने मला खांद्याला धरून ढकललं. मी तीन पायऱ्या खाली. संध्याकाळी त्या मुलीला कामावरून काढलं. कारण लिहिलं: ‘दारात धक्काबुक्की करून बाहेरच्या बाईस पाडले.’ पाडलेली बाई मी. म्हणजे तिची नोकरी माझ्या साक्षीवर.

कामगार अधिकाऱ्यांसमोर पहिली सुनावणी झाली. मॅनेजर माझ्या डाव्या हाताला बसला होता. हसून म्हणाला, “मॅडम, या बाई उठून मलाच सॉरी म्हणाल्या. मी ढकललं असतं तर म्हणाल्या असत्या?” अधिकारी बाईंनी माझ्याकडे बघितलं. माझा घसा बंद. चौकाचौकांत गळा फाडणारी मी, तिथे पाणी मागितलं आणि तेही खुणेने.

बाहेर आल्यावर ती मुलगी म्हणाली, “अक्का, कागदावर किती मोठं ओरडता तुम्ही!” टोमणा खरा होता, म्हणून जास्त लागला.

पुढची तारीख महिन्याने होती. तोवर ऑफिसातसुद्धा डावीकडून कुणी आलं की मी दचकायचे. एका मैत्रिणीने वेस्ट मांबलममधल्या एका थेरपिस्टकडे पाठवलं. नजर एका जागी ठेवून शरीरात अडकलेलं मोकळं करतात म्हणे. मला हे असलं पटत नाही. ढकलणार तो, आणि उपचार मी घ्यायचे? तरी गेले. जाताना दोन पानी निवेदन लिहून नेलं, मथळ्यासकट.

बाई तंजावरी मराठी घरातल्या, साठीच्या. मराठी जुन्या वळणाचं, हेल तमिळ. माझं निवेदन त्यांनी दुसऱ्या ओळीलाच थांबवलं.

“हें सभेंत वाच, अम्मा. इथें नको. आंगांत कोठें लागतें तेवढें सांग.”

“घशात.”

त्यांनी एक बारीक काठी माझ्या डोळ्यांसमोर उजवीकडून डावीकडे हळूहळू सरकवली. मी मनात पुढच्या पत्रकाचा मजकूर जुळवत होते. काठी डावीकडे खाली गेली आणि मी आवंढा गिळला. पापण्या फडफडल्या. काठी तिथेच थांबली.

“इथेंच बघत राहा. कांहीं करूं नको.”

काहीच न करणं मला येत नाही. पण बघत राहिले. खालच्या दुकानात कॉफी दळत होते. मग ती पायरी दिसली. पसरलेली पत्रकं. एकावर त्याचा बूट. आणि मी वाकून, तो बूट उचलायची वाट बघत, हलक्या आवाजात म्हणतेय: “सॉरी सर.”

तो खोटं बोलतच नव्हता. मी म्हणाले होते. लाज वाटत होती ती पडल्याची नव्हती, या दोन शब्दांची होती. मी ढसाढसा रडले. बाईंनी काठी हलवली नाही.

अशा चार बैठका झाल्या. याला जादू म्हणून विकणाऱ्यांच्या विरोधात मी आनंदाने पत्रक काढेन. माझ्यापुरतं सांगते: चौथ्या बैठकीत त्याच कोपऱ्यात बघत मी ते दोन शब्द मोठ्याने म्हणाले आणि घसा उघडा राहिला.

दुसरी सुनावणी. मॅनेजर पुन्हा डावीकडे, पुन्हा तेच हसू. “सॉरी म्हणाल्या होत्या की नाही, विचारा.”

मी मान डावीकडे वळवली. आधी डोळे.

“हो, म्हणाले,” मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये सांगितलं. “तुम्ही मला ढकललंत, माझ्या कागदावर बूट ठेवलात, आणि मी तुम्हाला सॉरी म्हणाले. पडल्यावरही आधी सॉरी म्हणायचं, हेच शिकवलंय आम्हाला. या मुलीने मला हात लावला नाही. हात तुमचा होता. हा, उजवा.”

त्याने तो हात टेबलाखाली घेतला. अधिकारी बाईंनी ते पाहिलं, पेन उचललं आणि म्हणाल्या, “पुन्हा सांगा, सावकाश. लिहून घेते.” मी पुन्हा सांगितलं. चवीने.

मुलगी कामावर परत आली. स्टुलंही आली, प्लास्टिकची, लाल. पुढच्या रविवारी मी पत्रकं घेऊन त्याच पायऱ्या चढले. ती काउंटरमागे बसली होती. मुद्दाम पायावर पाय टाकून. मला बघून उठली नाही.

“अक्का, उठायला हवं का?”

“खबरदार उठलीस तर!”

दारात मॅनेजर उभा होता. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि पत्रक पुढे केलं.

त्याने घेतलं.