आईच्या चेहऱ्यावर येणारा काळा पट्टा

मैत्रिणींनो, आज सकाळपासून पनवेलच्या आमच्या बाथरूममध्ये लाल बल्ब लावून बसलेय आणि आता अगदी रडकुंडीला आलेय.

बाबांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांच्या जुन्या एन्लार्जरवर मी आईचा फोटो मोठा करतेय. बाबांची नजर झपाट्याने जातेय. थोडंफार दिसतंय तोवर तिला एकदा मोठं बघायचंय त्यांना.

फोटो छापायचे कागद चारच होते. तीन वाया गेले. फोटोत आई कडेला उभी आहे आणि दर वेळी नेमका तिच्या चेहऱ्यावर काळा पट्टा येतो. यंत्रात कुठेतरी आदळून भलताच प्रकाश कागदावर पडतोय. जिथे पडतो, तिथे कागद काळा होतो.

शेवटी निगेटिव्ह धरणारी पत्र्याची चौकट बाबांच्या हातात दिली. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं.

"इथला काळा रंग कुठे गेला गं? भलता प्रकाश तोच गिळतो, चकचकीत पत्रा उलट परतवतो."

"तो रंग होता? मला मळ वाटला. दसऱ्याला पूजेआधी घासून लख्ख केली मी."

बाबा हसले. "तुझी आईपण दर दसऱ्याला घासायची. मी दुसऱ्या दिवशी गुपचूप रंगवायचो."

"तिला सांगितलं नाहीत कधी?"

"इतक्या मायेने घासायची. कसं सांगणार?"

चौकट पुन्हा काळी केलीय. गॅलरीत वाळतेय. बाबा सारखे विचारताहेत, "झाला का?"

शेवटचा कागद आज वापरू? की नवे येईपर्यंत थांबू? आणि तोवर बाबांची नजर थांबेल का?